रेसची गाडी घोडेगावला थांबायची

माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणते. रिटायर झाल्यावर दोन्ही मुलांनी त्यांच्या पाळ्या ठरवून घेतल्या. दिवाळी ते अक्षय तृतीया आमच्याकडे सोनईला, पुढचे सहा महिने धाकट्या दिरांकडे भिंगारला. आबांना यात काही वावगं वाटलं नाही. ड्युटी लागल्यासारखे ते पिशवी उचलायचे आणि निघायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझी मुलगी माझ्याच शाळेत, दुसरीच्या वर्गात होती आणि तिचं गणित कच्चं होतं. सत्तावन्न म्हटलं की आधी सात ऐकू येतो म्हणून पंचाहत्तर लिहून मोकळी व्हायची. काड्या झाल्या, मणी झाले, धपाटेही झाले. दुसऱ्यांची मुलं शिकवायची आणि स्वतःची ढ, या विचारानं माझा जीव तीळतीळ तुटायचा.

घरी आल्यावर ती आबांच्या शेजारी ओट्यावर बसून मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायची. खेळायची ती आणि गाडी चालवायचे आबा, तोंडानं. त्यांची नजर अधू झाली होती, पडद्यावरचे बारीक आकडे त्यांना दिसायचे नाहीत. काटा कितीवर आहे, पुढची गाडी किती सेकंद पुढे आहे, हे ते तिला विचारायचे आणि ती सांगेल तसं गियर टाकायला लावायचे. गेममधले रस्ते परदेशातले, पण आबांना त्यात त्यांच्या रोजच्या रूटवरचा इमामपूरचा घाट दिसायचा. डावं-उजवं त्यांना चालायचं नाही, उगवतीला वळ, मावळतीला वळ. आणि थांबे सगळे घ्यायचेच. बाकीच्या गाड्या धूळ उडवत जायच्या आणि ही दोघं घोडेगावला थांबून बारा माणसं चढवायची, पांढरीच्या पुलावर पाच उतरवायची. आता आत किती राहिली ते सांगितल्याशिवाय आबा डबल बेल द्यायचे नाहीत. रोज शेवटचा नंबर यायचा आणि रोज दोघं खूश.

हे मी आज इतकं बारकाईनं सांगते आहे, पण तेव्हा मला यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त मोबाईल दिसायचा.

संक्रांतीनंतर चाचणी झाली. मुलीला वीसपैकी चार. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापक काही कागदांवर सह्या घ्यायला घरी आले, ओट्यावरचा खेळ पाहिला आणि हसत म्हणाले, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यांनी सहज म्हटलं असेल. मला ते झोंबलं. ते गेल्यावर मी मुलीच्या हातातून मोबाईल हिसकावला आणि आबांना म्हणाले, "चौथी शिकलेल्या माणसानं शिक्षकाच्या पोरीला शिकवायला जाऊ नये. तिचं वाटोळं करताय तुम्ही."

आबा फक्त "बरं" म्हणाले. दोन दिवसांनी, पाळी संपायला तीन महिने असताना, ते पिशवी घेऊन भिंगारला गेले. आमचे मालक कामावर होते. मी दारात उभी होते आणि थांबा म्हणाले नाही. गावानं काय ते ओळखलं.

मुलगी रडली नाही. गणिताची मात्र होती नव्हती तेवढी गोडीही मावळली. पाटीपुढे गप्प बसायची. एका रविवारी मीच मोबाईल काढला, तिच्या शेजारी जमिनीवर बसले, गेम लावला आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, काटा कितीवर आहे?

ती म्हणाली, "तुला दिसतंय की. मग मला कशाला विचारतेस?"

मी म्हटलं, आबा नव्हते का विचारत?

"आबांना दिसत नव्हतं. मी नीट सांगितलं नसतं तर गाडी घाटात पडली असती."

पंधरा वर्षं मी शिकवते आहे. ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा एकही प्रश्न मी आजवर कुठल्याही मुलाला विचारला नव्हता. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन भिंगारला गेले. दिरांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आबा शेंगा फोडत बसले होते. मी पाया पडले, माझं चुकलं म्हणाले, घरी चला म्हणाले. एरवी ते मला पोरी म्हणायचे.

"चुकलं काही न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "बरोबरच हुतं तुमचं."

मुलीला एवढं थांबवेना. तिनं गेम लावून मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवला, घाट आलाय म्हणाली. आबांनी तो उलटा करून अलगद तिच्या हातात दिला. "आईला दाखव, बाळा. त्या शिकलेल्या हायेत. मी काहीबाही सांगीन आन् तुझं नुकसान हुईल."

मला वाटलं होतं ते रागावले असतील. राग असता तर मी तो घालवला असता, पाय धरून बसले असते. पण त्यांनी माझं बोलणं मनाला लावून घेतलं नव्हतं, त्यांनी ते खरं मानलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, इथल्या नातीलाही ते हल्ली गोष्टसुद्धा सांगत नाहीत.

दिवाळीला ते पाळीप्रमाणे आमच्याकडे आले. आजवर मी चार वेळा माफी मागितली. प्रत्येक वेळी ते हसून विषय बदलतात. मुलगी आता तिसरीत आहे, वजाबाकी येते तिला, माझ्या पद्धतीनं, विचारलं तेवढंच. ती दप्तर उघडून ओट्यावर बसली की आबा चप्पल घालून मारुतीच्या पारावर जाऊन बसतात. अंधार पडायला लागला की फाटकाशी येतात आणि तिथूनच मला विचारतात, "झाला का तिचा अभ्यास? येऊ का आत?"