खात्री झाल्याशिवाय निघू नये

डायजेस्टकाकांनी शेवटच्या काही वर्षांत आमच्या चिकूवाड्यांच्या माहीम गावात कुणालाही खात्री केल्याशिवाय मरू दिलं नाही.

बोईसरच्या एका कारखान्यात कंट्रोल रूम सांभाळून ते निवृत्त झाले आणि गावची ईमेल-यादी सांभाळू लागले. यादीवर आलेली दिवसभराची पत्रं एकत्र बांधून दिवेलागणीला सगळ्यांना एकच डायजेस्ट जाई. कुणी व्हॉट्सअ‍ॅप सुचवलं की काका खवळत. "तिथं वाचायच्या आदीच आंगठा दावतात. आपल्याला तसला नाय पायजे!"

मग एकदा घोटाळा झाला. उमरोळीचा त्यांचा बालमित्र सकाळी गेला आणि ती बातमी काकांना संध्याकाळी डायजेस्टात मिळाली, चिकूच्या बाजारभावाखाली. तोवर सगळं आटोपलं होतं. आमच्याकडे मयताचं कळवायला माणूस दारोदार जातो, चहासुद्धा न घेता. काका दोन दिवस जेवले नाहीत. "गड्याला खांदा द्यायचा रायला. माज्याच सेटिंगनं," एवढंच म्हणत राहिले.

त्यांनी सेटिंग बदललं. विषयात 'दुःखद' लिहिलेलं पत्र डायजेस्टची वाट न बघता ताबडतोब सुटेल. गावाला ही वाट फारच आवडली. 'दुःखद : चिकू उतरवायला माणूस मिळत नाही.' 'दुःखद : आमची मांजर दिसल्यास कळवणे.' दुबईच्या एका भाच्याने तर पत्र न उघडताच चिकूवाल्याच्या कुटुंबाचं सांत्वन केलं.

काकांनी पुन्हा सेटिंग बदललं. आता प्रत्येक 'दुःखद' त्यांच्यापाशी थांबे. ते त्या घरी फोन लावत, "नक्की गेले का?" असं आदबीने विचारत आणि मगच पत्र सोडत. लोक चिडले, तरी काका हटले नाहीत. "फोन केल्याबिगर मी कोनाला मारनार नाय!"

गेल्या महिन्यात पहाटे काका स्वतःच गेले, झोपेत. मी पोचलो तेव्हा काकू म्हणाल्या, "आदी यादीवर घाल बाबा. नायतर रागावतील." दुपारी न्यायचं होतं. मी 'दुःखद' लिहून पत्र धाडलं. लगेच उत्तर आलं, काकांनी कधीचं लिहून ठेवलेलं : 'निरोप पोचला. घरी फोन करून खात्री करतो. तोवर कोणी निघू नये.'

पत्र सोडायचा पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता. काकू फळीवरच्या फोनकडे बघत राहिल्या. मला हसू आणि हुंदका एकदमच आला. शेजारून आलेला चहा तसाच ठेवून मी मोटारसायकल काढली.

पहिल्याच वाडीत चिकूवाले झाडांना पाणी सोडत होते. मी सांगितलं तरी ते जागचे हलेनात. खिशातला मोबाइल काढून त्यांनी बघितला.

"यादीवर तर कायच नाय. काकांनी खात्री केली काय?"

"मी केली," मी म्हटलं. "निघा."