दिवा ताईंच्या वजनाचा

जपानातल्या इचिकावात मोटारसायकलीतलं माझ्याइतकं कळणारा मराठी माणूस दुसरा नाही. कारण इथं मोटारसायकलीला हात लावणारा दुसरा मराठी माणूसच नाही. बाकीचे सगळे कॉम्प्युटरला हात लावतात.

हे मला ताईंनी सांगितलं, पहिल्याच भेटीत. मी काम करतो त्या दुकानात त्यांची लाल मोटारसायकल आली होती. मी ती चालू केली आणि भाषणही चालू केलं. इस्लामपुरातलं माझं गॅरेज, तिथं लागणारी रांग, लोक कसे माझं नाव काढत यायचे. ताईंनी एक बोट वर केलं, मान तिरकी करून इंजिनाकडं कान दिला आणि म्हणाल्या, “बोलू नका, ऐका.”

मी ऐकलं. चेन सैल होऊन कव्हरला घासत होती. फुटपाथवरून जाणारी म्हातारीसुद्धा वळून बघत होती. फक्त मला ऐकू आलं नव्हतं, कारण मी माझाच आवाज ऐकत होतो.

मी दहावी नापास. बायको इंजिनिअर. कंपनीनं तिला जपानला आणलं आणि तिनं मला, बाकीच्या सामानाबरोबर. घरी बसून मी कचरा वेगळा करायला शिकलो. तोसुद्धा नीट नाही, आमची पिशवी गाडीवाले तशीच ठेवून जायचे, वर चिठ्ठी चिकटवून. शेवटी बायको म्हणाली, “तुला जे येतं ते कर.” म्हणून स्टेशनमागच्या मोटारसायकलच्या दुकानात ‘बाइतो’ धरला, म्हणजे दिवसातले काही तास काम. मालक जपानी. त्याला माझी भाषा येत नाही, त्यामुळं आमचं छान जमतं.

ताई पुण्याच्या. पन्नाशी उलटलेल्या, काडीसारख्या बारीक. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आल्या, आधी डबे भरायच्या कारखान्यात उभ्या राहिल्या, मग लहान पोरांच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या. आणि एक दिवस उठून मोठ्या मोटारसायकलचं लायसन काढून आल्या. पहिल्या फटक्यात! मी तेच लायसन काढायला गेलो तर ते हातात पडेपर्यंत इतक्या वेळा नापास झालो की परीक्षक मला लांबून बघूनच कमरेत वाकायचा. मला वाटायचं मान देतोय. ताई म्हणाल्या, “अहो, सॉरी म्हणतोय तो.”

आता तुम्हाला इथली एक गोष्ट सांगायला पाहिजे. इकडं मोठ्या मोटारसायकलला दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते, ‘शाकेन’. मधल्या वर्षी दुकानात नेहमीची तपासणी. शाकेनला गाडी एका लांब शेडमधून न्यायची. आधी ब्रेक, मग मीटर, मग दिवा. प्रत्येक ठिकाणी वर एक पाटी. गाडी बरोबर असली की पाटीवर गोल उमटतो, नसली की फुली. एक साहेब छोटा हातोडा घेऊन नट-बोल्टवर टकटक करतो, डॉक्टर पाठ वाजवतो तसं. पास झाली की नंबरप्लेटला नवा स्टिकर. नापास झाली तर रस्त्यावर आणायची नाही. आपल्याकडं ढकलून चालू झाली की ती पास.

ताईंचं सगळं त्या स्टिकरला बांधलेलं होतं.

नवऱ्याचं इकडचं काम संपलं आणि तो पुण्याला परत गेला. ताईंना जायचं नव्हतं. इथं त्यांना शाळेतली पोरं ‘सेन्सेई’, म्हणजे ‘बाई’, म्हणून बिलगायची, रविवारी गाडी घेऊन समुद्राकडं जाता यायचं. भांडण झालं असेल, मला माहीत नाही. पण ठरलं ते असं: गाडी पास होतेय तोवर ताई इथं. नापास झाली की सामान बांधायचं. नवरा लगेच हो म्हणाला. गाडी जुनी आहे, टिकून टिकून किती टिकेल, असं त्याला वाटलं असणार.

त्याला ताई माहीत होत्या, गाडी माहीत नव्हती. ताई तिला अशी ठेवायच्या की माझं काम म्हणजे फक्त कौतुक करणं. वेळच्या वेळी ऑइल, चेनला वंगण, टायरात हवा.

तरीपण पहिल्या शाकेनला फुली आली, माझ्यामुळं. तपासणीच्या शेडजवळ दिव्याचं तोंड नीट करून देणारी छोटी दुकानं असतात. तिथं गाडीवर माणूस बसवून दिवा लावतात, कारण माणूस बसला की मागचा शॉकअप दबतो आणि दिवा वर उचलतो. मी ऐटीत बसलो, माझ्या वजनानं दिवा लावून घेतला. शेडमधून मात्र गाडी ताईंनी स्वतः नेली. माझी गाडी, मीच बसणार, हा त्यांचा हट्ट. त्या बसल्या आणि दिवा गेला थेट जमिनीत. पाटीवर ही मोठी फुली.

ताई हेल्मेटची काच वर करून म्हणाल्या, “गाडी ठणठणीत आहे. नापास झालं ते तुमचं पोट.”

परत गेलो, त्यांच्या वजनानं दिवा लावला, गोल आला. ताईंनी तिथंच नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर.

“झाली का पास?” तिकडून आवाज.

“झाली.”

“अरे देवा. म्हणजे मी आता पोळ्या शिकू?”

“शीक. गोल नाही आल्या तर मी नापास करेन.”

ताई हसत होत्या. मीही हसलो. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, पण हसलो.

अशीच वर्षं गेली. शाकेनच्या दिवशी तिकडून फोन यायचा, “झाली का पास?” आणि इकडून “झाली.”

मागच्या शाकेनला ताई गाडी घेऊन आल्या नाहीत. फोन आला, “तुम्ही येऊन घेऊन जा.” मी दुकानाचा छोटा टेम्पो घेऊन गेलो. गाडी त्यांच्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. कव्हर काढलं तर कोळ्यानं आरशापासून हँडलपर्यंत संसार मांडलेला.

तुम्हाला सांगतो, मोटारसायकल चालवून बिघडत नाही तेवढी उभी राहून बिघडते. बॅटरी मेलेली. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकून चिकट झालेलं. पुढचा ब्रेक धरून बसलेला, सोडायलाच तयार नाही. शॉकअपच्या सीलमधून ऑइल उतरलेलं. टायर एका जागी बसके, कडेनं बारीक चिरा. हॉर्न दाबला तर शेळी शिंकल्यासारखा आवाज. हे सगळं मी बघितलं, आणि गाडीकडं बघत राहिलो. शेजारी उभ्या ताईंकडं बघायचं सुचलं नाही.

“ताई, चालवत नाही का?”

“नाही.”

“तब्येत?”

“बरी आहे.” कव्हरची घडी घालत म्हणाल्या, “पास होईल असं वाटत नाही ना?”

“ताई, मी आहे ना!”

“नाही झाली तरी चालेल.”

मला तो माझ्या हाताला टोमणा वाटला. दुकानात मालकानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “आधी तिला विचार, एवढं करायचं का.” मी म्हटलं, विचारायचं काय त्यात?

झपाटल्यासारखं काम केलं मी. सील बदलले, ब्रेक खोलून साफ केला, कार्बोरेटर धुतला, टायर नवे, बॅटरी नवी. ताई आल्या नाहीत म्हणून शेडमधून गाडी मीच नेली. ब्रेकला गोल, मीटरला गोल, दिव्याला फुली. दिवा अजून ताईंच्या वजनाचा होता, माझ्या खाली आभाळ बघत होता. मग स्क्रू फिरवून तो माझ्या पोटाला आणला, गोल मिळवला, आणि दुकानात येऊन स्क्रू तेवढाच उलटा फिरवला. दिवा परत ताईंचा. मला वाटलं, बघून खूश होतील.

ताई चालत आल्या. हेल्मेट आणलं नव्हतं. मी म्हटलं, विसरल्या असतील. तोंडानं ताशा वाजवून मी त्यांना नंबरप्लेट दाखवली.

त्या खाली बसल्या. स्टिकरवरून अंगठा फिरवला.

“मी ही नापास व्हायला दिली होती,” त्या म्हणाल्या.

“मग सांगायचं ना, ताई! नापास होण्यात माझा हात कोण धरणार?”

हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. आवाज असा, जणू स्टेशनवर पुढच्या गाडीची सूचना चाललीय.

“तो आता विचारत नाही.”

“काय?”

“पास झाली का, कधी येतेस, काहीच. जेवलीस का विचारतो. थंडी आहे का विचारतो. झालं.”

“मग तुम्हीच सांगा, येते म्हणून.”

“कुठल्या तोंडानं? हट्टानं मीच राहिले. ही नापास झाली असती तर सांगायला काहीतरी होतं.”

मी स्क्रूड्रायव्हर उचलला. “थांबा, इंडिकेटरच फोडतो. नाहीतर ब्रेक परत धरायला लावतो. इस्लामपुरात माझं नावच होतं, चालू गाडी आणा आणि बंद करून घेऊन जा...”

ताईंनी एक बोट वर केलं. “बोलू नका.”

पर्समधून फोन काढला. ह्या वेळी स्पीकर नाही, कानाला लावला. मी टायर पुसायला लागलो. टायर नवाच होता.

“पास झाली,” त्या म्हणाल्या. मग तिकडचं ऐकून, “हो, स्टिकर लावलाय.” मी टायर फिरवून दुसरी बाजू पुसली.

“तरी येतेय.”

थोड्या वेळानं, “नाही. कायमची.”

मग नुसतं ऐकत राहिल्या आणि “ठेवते” म्हणून फोन ठेवला.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“बरं म्हणाला.”

एवढंच. मला वाटलं आता त्या रडतील, म्हणून मी पुसायचं फडकं लपवलं, फार घाण होतं. पण त्या रडल्या नाहीत. गाडी चालू केली, मान तिरकी करून ऐकलं. मीही ऐकलं. इंजिन अगदी एकसारखं चालत होतं. बंद करून किल्ली माझ्या हातात ठेवली.

“ठेवा तुम्हीच. सुरात आहे.”

कागद मालकानं केले. विमानतळावर मी गेलो नाही, त्या दिवशी एकाचा क्लच खोलला होता. फारसं काही वाटलं नाही. फक्त नंतर बरेच दिवस कुणी गाडी चालू केली की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. मालकानं काळजीनं विचारलं, दात दुखतोय का.

आता ती लाल गाडी मी चालवतो. दिवा तसाच आहे. संध्याकाळी घरी निघालो की रस्ता दिसत नाही, समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे दिसतात. समोरून येणारे डोळ्यांवर हात घेतात. शेवटी परवाच्या रविवारी ताईंना पुण्याला फोन लावला. मागून पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज येत होता. ताई माझ्याशी बोलत होत्या, म्हणजे लाटणारं दुसरं कुणीतरी होतं.

“कोण गं?” तिकडून पुरुषाचा आवाज.

“मेकॅनिक आहे,” ताई त्याला म्हणाल्या. मग मला, “बोला.”

मी म्हटलं, “ताई, गाडी झकास आहे. फक्त मी बसलो की दिवा आभाळात जातो. तुमच्या वजनाचा आहे ना. जरासा स्क्रू फिरवू का?”

तिकडं लाटणं थांबलं.

“स्क्रूला हात लावायचा नाही,” ताई म्हणाल्या. “पोट कमी करा.”