वकीलसाहेबांचं काचघर

आधी त्या मावशीबद्दल लिहितो, बाकीचं मागून. अमरावतीच्या कॅम्पातल्या बंगल्यांवर भाजी घेऊन येणारी ती माळीण. बडनेऱ्याच्या वाटेवर तिचा मळा होता. वऱ्हाडात मला पहिली ज्वारीची भाकर तिनं दिली, आणि माझ्यासाठी एका मोठ्या माणसासमोर तोंड उघडलं तेही तिनंच. त्यात माझं काही वाचलं नाही. तिचं मात्र गेलं.

मी मालवणाकडचा. मराठी चौथीनंतर शाळा सुटली. लग्न झालं, मुलगी झाली, आणि पोटासाठी पुण्याला एका रोपवाटिकेत कुंड्या वाहायला लागलो. तिथं एक काचघर होतं. अमरावतीचे एक वकीलसाहेब गुलाब घ्यायला आले, ते काचघर पाहून हरखले आणि जवळ उभा होतो म्हणून मलाच विचारलं, "असं उभं करता येईल का रे तुला?" मालक जेवायला गेले होते. मी म्हटलं, "येईल."

त्या एका शब्दावर पुढचं सगळं उभं राहिलं.

बोली अशी झाली की काचघर उभं करायचं, झाडं सांभाळायची, आणि एक उन्हाळा झाडं तगली की बंगल्यामागची रिकामी खोली मला मिळेल. मग बायको-मुलीला खुशाल आणावं. तोवर मी टांग्याच्या शेडात झोपायचं. बायको-मुलगी मेहुण्याकडे होत्या. मेहुणा वाईट नव्हता, पण घर त्याचं होतं, आणि हे माझ्या बायकोला तिथं रोज कळत होतं. त्या खोलीला एक खिडकी होती आणि बाहेर कडुनिंब. मी येता-जाता त्या खोलीच्या कडीला हात लावून बघत असे.

काच मुंबईहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं आली, तिथून गवतात बांधून बैलगाडीनं. सुताराला मी जमिनीवर खडूनं रेघा ओढून दाखवत होतो. त्यानं विचारलं, "वरतून झडपा ठेवाच्या का?"

"नको," मी म्हटलं. "पुण्याला नव्हत्या."

होत्या. फार उशिरा मला आठवलं, की तिथं छताशी एक लोखंडी साखळी लोंबायची आणि म्हातारा माळी सकाळी ती ओढायचा. कशासाठी, ते मी कधी वर बघितलं नाही. कुंडी वाहणाऱ्याचं लक्ष पायाखाली असतं.

हिवाळा छान गेला. नेचे वाढले, बिगोनिया फुलली, साहेबांचे स्नेही संध्याकाळी कंदील घेऊन बघायला यायचे. साहेब मला "आमचे काचघरवाले" म्हणत. मी बायकोला पत्र घातलं, की अखजी, म्हणजे इथली अक्षय्य तृतीया, झाली की निघायच्या तयारीला लाग. एवढं घाईनं लिहायला नको होतं.

मावशी तेव्हापासून चेष्टा करायची. टोपली उतरवून काचेला नाक लावायची. "कोकन्या, फुलं तं झक्कास हायेत. पन हे घर हाये का बरनी? लोनचं घालून राहिला का झाडाचं?"

चैत्र लागला आणि ऊन चढलं. वऱ्हाडातला उन्हाळा मी पहिल्यांदा बघत होतो. नऊ वाजले की बंगल्याची सगळी दारं-खिडक्या बंद व्हायची, दाराला वाळ्याच्या ताट्या लागायच्या, त्यांवर पाणी मारलं जायचं. दुपारी आत गेलं की अंधार आणि गारवा. गावातली मातीची घरंही तशीच बंद. इथली माणसं उन्हाळा असा काढतात हे पाहून मला फार शहाणपणाचं वाटलं, आणि साहेबांनी सांगितलं, "काचघरसुद्धा नवाला बंद करत जा. झळा आत शिरता कामा नयेत." मी खिडक्या लावल्या. फटींत चिंध्या कोंबल्या. जमिनीवर घागरीनं पाणी ओतलं आणि दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं पाहिलं.

"काहून बंद केलं रे?"

"झळा लागतात, मावशी."

"मातीचं घर हाये का तुयं हे? भित गार राह्यते म्हून मानूस दार लावते. ह्या काचेतून ऊन सरळ आत येऊन राहिलं, आन बाहीर जाले जागा नाई. उघड ते. काचेले चुना फास, वरतून सावलीले तुराट्या टाक."

मला तिचं खरं वाटलं होतं, हे मी इथं लिहून ठेवतो. तिच्यासमोर मी दोन्ही खिडक्या उघडल्यासुद्धा. पण ती गेली आणि व्हरांड्यात साहेबांच्या वहाणांचा आवाज आला. खोली त्यांच्या हातात होती. मी खिडक्या परत लावल्या.

पाचव्या दिवशी चार वाजता कडी काढली तर आतून भाजी शिजल्याचा वास आला. नेचे काळे पडून कुंडीच्या काठावर लोळत होते. बिगोनियाची पानं हातात घेतली तर त्यांचं पाणी झालं. मी तिथंच दारात बसलो. झाडांपेक्षा मला अखजीला किती दिवस उरले तेच आठवत होतं.

नऊ कुंड्यांत थोडा जीव वाटला. मावशीनं आपली बैलगाडी आणून त्या मळ्यात नेल्या, केळीच्या सावलीत ठेवल्या, भोवती ओली पोती टांगली. मी रोज पहाटे चालत जाऊन पाणी शिंपायचो. आठवडाभरात नऊच्या नऊ गेल्या. ती म्हणाली, "आता सोड बापू. मुळातच जीव नाई राह्यला."

साहेबांनी व्हरांड्यात बोलावलं. "इतकी झाडं मारलीस," एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. मावशी भाजी द्यायला आली होती, ती पायरीशी थांबली. डोक्यावरची टोपलीही उतरवली नाही.

"सायेब, त्यानं नाई मारले. तुमी म्हनाले बंद ठेव, त्यानं ठेवलं. म्या त्याले सांगतलं होतं, उघड म्हून."

साहेबांनी तिच्याकडे पाठ केली. स्वयंपाक्याला हाक मारून म्हणाले, "उद्यापासून भाजी बाजारातून आणत जा."

मला महिनाअखेर जायला सांगितलं. खोली टांगेवाल्याला मिळाली. साहेबांचं पाहून पंधरा दिवसांत त्या रांगेतल्या बाकीच्या बंगल्यांनीही मावशीची भाजी बंद केली. ती बाजारात धुळीत गोणपाट टाकून बसू लागली. मी समोर गेलो आणि उपरण्यानं डोळे पुसू लागलो.

"रडून काहून राहिला?" ती म्हणाली. "हे वांगे का वकिलाच्या नावानं लागले होते झाडाले? बस. पानी पे."

मेहुण्याचं कार्ड आलं. 'राहण्याची सोय झाली की कळवावे. तोवर पत्राची तसदी घेऊ नये. मुलगी मजेत आहे. मला बाबा म्हणते.'

त्याला बरीच वर्षं झाली. मी अकोल्याला सरकी काढणाऱ्या एका कापसाच्या जिनच्या मालकाच्या बागेत पाणी घालतो. चौघांत एक खोली आहे, म्हणजे बिऱ्हाडाची सोय नाहीच. बायको आता यायचं विचारत नाही. मुलीला मी ओळखीन की नाही, शंका आहे. काचघर परत कुणी मला सांगितलं नाही, आणि सांगितलं तर मी नाहीच म्हणेन.

गेल्या दिवाळीला अमरावतीला जाऊन आलो. मावशीचे गुडघे गेलेत, बाजारात सून बसते. मला ओळखून हसली. मी विचारलं, तुझ्यासाठी काय करू? आधी म्हणाली, "तू काय करशीन, कोकन्या!" मग म्हणाली, "अकोटाकडे पानमळे हायेत नं, सावलीतले. तसा चार वाफ्यांचा करून देशीन तं दे. बसल्या बसल्या पानं खुडाले होईन."

तेव्हापासून सुट्टी मिळाली की अकोटाला जातो. तिथले पानमळेवाले वेल किती सावलीत ठेवतात, वारा कुठून आत सोडतात, ते विचारून घेतो, दोनदा विचारतो, आणि ते हसले तरी तिसऱ्यांदा विचारतो. मालक रजा देतील का, मावशी तोवर राहील का, मला काही भरवसा नाही. पण मावशी, तुझा पानमळा मी एक दिवस माझ्या हातानं लावून देईन.