न वाकलेली बाई

आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी इमारत टेपराव म्हणते. नाव मीच ठेवलं, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. लोकांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात माप घ्यायची पोलादी टेप. कोणाच्या घरी गेले की माणसांआधी छताकडे बघतात. माझा मेहुणा गेला तेव्हा भेटायला आले, पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि मग हळूच म्हणाले, "ही खिडकी चार इंच खाली घ्यायला हवी होती." माझ्या बायकोला वाटलं, दुःखाने काहीतरी बोलतायत.

नोकरी आर्किटेक्टच्या कार्यालयात, नकाशे काढायची. एकतीस वर्षं एकाच खुर्चीत. मोठे साहेब कागदावर चार रेघा मारून निघून जातात, मग दार कुठे उघडेल, पाइप कुठून जाईल, पायरी किती इंचांची, हे सगळं टेपरावांनी काढायचं. इमारत उभी राहिली की पाटी साहेबांची. याबद्दल त्यांची कधीच तक्रार नव्हती, असं त्यांच्या घरच्या वहिनी सांगतात. मला विचाराल तर तक्रार होती, तिला बाहेर पडायला दार नव्हतं इतकंच.

ते दार लेकीने उघडून दिलं. ती परगावी नोकरीला असते. सुट्टीत आली असताना तिच्या हाती बापाच्या वह्या लागल्या. हा गृहस्थ सिनेमा बघताना मध्येच थांबवतो आणि त्यातल्या घराचा नकाशा काढतो. नायिका ज्या दारातून आत येते ते बाहेरून डावीकडे उघडतं आणि आतून बघितलं तरी डावीकडेच, हे कसं, असल्या शंका. एका खलनायकाचा तीनमजली बंगला त्यांनी खोली खोली जोडून कागदावर मांडला आणि खाली लिहिलं, 'अख्ख्या घरात संडास नाही. माणूस चिडचिडा होणारच.' लेकीने ते पान फोनवर टाकलं, आणि दोन दिवसांत चारशे अनोळखी लोक हसून गेले. मग तिने बापाला रीतसर पान उघडून दिलं. नाव ठेवलं 'मधला टप्पा'. जिना वळतो तिथे दम खायला जी जागा असते, ती.

पुढे सिनेमातली घरं झाली, गावातले जुने जिने झाले, एका बँकेच्या दगडी कमानीवरची पानं-फुलं झाली. वर्षा-दीड वर्षात अकरा हजार माणसं मागे लागली. टेपरावांचं नाव मात्र कुठेच नाही. फोटो नाही, गल्ली नाही, आवाज नाही. कारण सात वर्षांपूर्वी कार्यालयातल्या एकाने तिथला एक नकाशा प्रदर्शनात लावला होता आणि साहेबांनी त्याला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं होतं. टेपरावांचं वय छप्पन्न. निवृत्तीला चार वर्षं. या वयात नकाशे काढणाऱ्याला दुसरीकडे कोण उभं करतो? म्हणून फोन थरथरला की आधी दाराला कडी, आणि नाही थरथरला तरी दहादा उचलून बघायचा, कारण मग आज कोणालाच चित्र आवडलं नाही.

आता मुख्य भानगड. गावातलं सार्वजनिक ग्रंथालय याच कार्यालयाने सहा वर्षांपूर्वी बांधलेलं. उद्घाटनानंतर साहेब तिकडे फिरकले नाहीत. आपण बांधलेल्या इमारतीत परत जायला ही मंडळी का कचरतात, हे एकदा कोणीतरी त्यांना विचारायला हवं. टेपरावही गेले नव्हते, वाचणाऱ्या वहिनी. दर आठवड्याला पुस्तक बदलायला त्याच जायच्या. पण त्या दिवशी वहिनींचा गुडघा धरला आणि पुस्तक परत करायला टेपरावांना जावं लागलं.

वाचनाची खोली तळघरात. जिन्याने चार पायऱ्या उतरतात न उतरतात तोच कपाळावर काहीतरी आपटलं. वर आडवी तुळई. तिला लोकांनी जुन्या सायकलचं रबर गुंडाळून ठेवलेलं, शेजारी कागद डकवलेला, 'डोकं सांभाळा'. टेपराव कपाळ चोळत बाजूला उभे राहिले आणि बघत बसले. एक प्राध्यापक आले, वाकले. एक पोस्टमन आला, वाकला. रोजचे लोक बोलता बोलता, सवयीने, वाकून जात होते.

शहाणा माणूस घरी येऊन कपाळाला बर्फ लावतो. यांनी वही घेतली. जिना काढला, तुळई काढली, तिच्याखालून वाकत जाणारी पाच माणसं काढली, आणि सहावी एक बाई, खांद्याला पिशवी, टाच जराशी उचललेली, ताठ मानेने सरळ निघालेली. खाली लिहिलं, 'पुस्तकापुढे सगळ्यांनी नम्र व्हावं, ही बांधणाऱ्याची इच्छा दिसते.' इमारत आपल्याच साहेबांची आहे हे माहीत असून टाकलं. का, म्हणून मी नंतर विचारलं. म्हणाले, "फार छान जमलं होतं हो."

ते असं पसरलं की विचारू नका. लोकांनी आपापल्या टेंगळांचे फोटो जोडले. आणि जो तो विचारायला लागला, ती न वाकणारी बाई कोण? बुधवारी साहेबांची घंटा वाजली.

साहेबांच्या टेबलावर ते चित्र छापून ठेवलेलं. ग्रंथालयाच्या समितीने शनिवारी बोलावलं होतं, खुलासा मागितला होता. साहेब ओरडत नाहीत, हळू बोलतात, ते जास्त वाईट. म्हणाले, "हा मधला टप्पा कोण आहे, शोधा. तुमच्याइतकी नजर इथे कोणाची नाही. रेघेवरून माणूस ओळखाल तुम्ही." शुक्रवारपर्यंत नाव हवं होतं. आणि जिन्याचा मूळ नकाशाही काढून ठेवायचा होता, म्हणजे समितीला दाखवता येईल की कागदावर सगळं बरोबर होतं, बांधणाऱ्याने घोळ घातला.

टेपरावांनी "हो साहेब" म्हटलं आणि खुर्चीत येऊन बसले. संध्याकाळपर्यंत एकच रेघ तीनदा काढली आणि पुसली.

घरी जेवण गेलं नाही. पानच पुसून टाकू म्हणाले. लेक फोनवरून म्हणाली, "बाबा, आत्ता पुसलंत तर ओरडून सांगितल्यासारखं होईल." मग साहेबांनी ओळखायला दिलेलं ते छापील चित्र वहिनींनी चष्मा लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "अहो, ही मी आहे."

टेपराव म्हणाले, छे.

"छे काय? लग्नातली पिशवी आहे माझी. आणि टाच अशी मीच उचलते."

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं. नकाशात इमारत किती मोठी हे कळावं म्हणून एखादं माणूस काढायची पद्धत असते. मापाचा माणूस म्हणतात त्याला. दाराशेजारी उभा केला की दार केवढं ते बघणाऱ्याला समजतं. टेपरावांनी लग्नाच्या नव्या नवलाईत तिथे बायको काढली आणि पुढे हाताला तीच सवय लागली. कॉम्प्युटर आले तेव्हाही तिचं एक चित्र करून आत ठेवून दिलं, बटण दाबलं की वहिनी उभ्या. गेली अठरा वर्षं कार्यालयातल्या प्रत्येक कागदावर, दवाखाना असो की शाळा, पिशवी घेतलेली ही बाई कुठे ना कुठे आहेच. गृहस्थाने नाव लपवलं, गल्ली लपवली, आवाज लपवला, आणि बायकोला मात्र अकरा हजार लोकांसमोर उभी करून ठेवली. स्वतःला पत्ता नाही. त्यावर कहर म्हणजे साहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर याच ग्रंथालयाचा मोठा नकाशा चौकटीत लावलेला, आणि त्यातही जिन्यावर वहिनी. साहेबांनी नुसती मान वळवायची खोटी होती.

गुरुवारी साहेबांनी दोनदा मान वळवली. एकदा पंखा बघायला, एकदा घड्याळ. टेपराव दारातून मोजत होते.

दुपारी ते मूळ नकाशा शोधायला सामानाच्या खोलीत गेले. मनात एकच आधार होता, की जिन्याची मूळ रेघ साहेबांची, चूक साहेबांची. निदान आपण खोटं तरी बोललो नाही. गुंडाळी सापडली, उघडली. तुळईशेजारी साहेबांच्या लाल पेनाने लिहिलेलं होतं, 'डोक्याला लागेल. तपासा.' आणि त्याला लागून पेन्सिलची बरोबरची खूण. अशा कार्यालयात रीत अशी, की साहेबाने लाल शाईत चूक दाखवायची आणि नकाशेवाल्याने ती तपासून, सुधारून, शेजारी खूण करायची. खूण टेपरावांची होती. कोपऱ्यात 'काढणार' या चौकटीत अक्षरंही त्यांचीच.

खाली बसले ते तिथेच, गुंडाळ्यांवर. कसं तपासलं होतं आपण? मग दिसलं. तुळईखाली पायरीवर वहिनी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर छान मोकळी जागा होती. आकडा लिहिलेला होता, पाच फूट सहा. पण नकाशात आकडा कोण वाचतो, नजर माणसाकडे जाते. माणूस आरामात जातंय म्हणून यांनी खूण केली, आणि माणूस आरामात जातंय म्हणून साहेबांनी सही केली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी वहिनींना विचारलं, ग्रंथालयाच्या जिन्यात तुझं डोकं कधी आपटलं का?

"कशाला आपटेल? पण तिथे सगळे वाकून का जातात, हे मला सहा वर्षं कळलेलं नाही. मला वाटायचं, तिथली शिस्त असेल."

टेपरावांनी खिशातली टेप काढली आणि तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोची उंची मोजली. चार फूट अकरा.

रात्र कशी गेली ते सोडून देतो. लाल शाईचा तो कागद एकाच जागी होता आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. फाडला असता तर शनिवारी सगळं साहेबांवर गेलं असतं आणि खूण कोणाची हे कोणाला कधीच कळलं नसतं. सकाळी वहिनींनी डबा हातात दिला तेव्हा गुंडाळी काखेत होती. वहिनींनी विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, की लेक म्हणते, घर चालवायला मी आहे.

साहेबांसमोर त्यांनी आधी कागद पसरला, मग त्यावर चित्र ठेवलं आणि म्हणाले, "शोधला साहेब. मधला टप्पा मी आहे. आणि जिनाही माझाच."

साहेबांनी कागद जवळ ओढला. पेन्सिलची खूण बघितली. चित्रातली बाई बघितली, कागदावरची बघितली. मग मान वळवून भिंतीवरची. टेपराव म्हणतात, नोकरी गेली असती तरी चाललं असतं, पण ती मान वळताना बघायची वेळ यायला नको होती.

"कोण आहे ही?"

"बायको."

"उंची?"

टेपरावांनी सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावले असते तर बरं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि अठरा वर्षांत हिला अजून कुठे कुठे उभी केलीत?"

टेपराव बोटांवर मोजायला लागले. बोटं संपली.

शनिवारी समितीपुढे साहेबांनी लाल कागद स्वतः मांडला, चूक कार्यालयाची आहे म्हणाले, जिना स्वखर्चाने बदलून देतो म्हणाले, कोणाचं नाव घेतलं नाही. बाहेर आल्यावर टेपरावांना म्हणाले, घरी पाठवत नाही, कारण या इमारती तपासायला दुसरा माणूस आणू कुठून? अठरा वर्षांची यादी करायची, एकेक जिना, एकेक दार मोजायचं. आणि दुसऱ्यांना हसायची जागा आहे ना तुमची, तिथेच लिहायचं. नावासकट.

लिहिलं. लाल शाई, पेन्सिलची खूण, ती बाई कोण आणि तिची उंची किती, खाली स्वतःचं पूर्ण नाव. फोन गव्हाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं आणि दोघं डब्याकडे बघत बसली. शेवटी वहिनींनी काढून वाचलं. हजारभर लोक सोडून गेले होते. राहिलेल्यांपैकी बरेच जण विचारत होते, वहिनी बऱ्या आहेत ना?

आता दर रविवारी दोघं यादी घेऊन निघतात. वहिनी पुढे, टेपचं टोक धरून, ताठ. टेपराव मागे, आधीच वाकलेले, लागो न लागो. यादीत त्रेपन्न इमारती आहेत, नऊ झाल्या, दोन ठिकाणी लागतं. परवा शाळेच्या जिन्यात पावणेसहा फूट भरलं. मुलांना पुरतं, पण मास्तरांचं काय, या विचारात गृहस्थ घरी येऊन नुसते बसून राहिले. लिहिलं मात्र सगळं, मापासकट.

आमची ही इमारतही त्याच कार्यालयाची. गच्चीच्या दारात मी बारा वर्षं डोकं आपटतोय आणि आजवर ते वयावर ढकलत आलो. काल टेपराव यादी घेऊन माझ्याकडे आले, अंगाने निम्मे झालेत. विचारलं, "तुम्हाला गच्चीत जाताना कधी काही जाणवलं?"

टेप त्यांनी आधीच उघडून धरली होती. मी म्हणालो, आधी बसा, चहा घ्या. मग गच्चीत जाऊ. आणि वहिनींना आणू नका, मलाच उभा करा.