आप्पांच्या भुवईचा हुकूम

आप्पा गेल्याचा निरोप मला बीडच्या एसटीडी बूथवर मिळाला. मोर्चाला किती माणसं येतील हे विचारायला दिंद्रुडला फोन लावला होता. पलीकडून गफूरभाई म्हणाले, "मानसं ऱ्हाऊ दे. आप्पा गेले सकाळी." बूथवरचं मीटर तेवढं पळत राहिलं. त्याला पाच आठवडे झाले. पत्रकं लिहिणाऱ्याला हळवं लिहिता येत नाही, म्हणून भांडतच लिहितो.

विश्वनाथआप्पा दिंद्रुडचे किराणा दुकानदार. ट्रकवरची पोती उतरवताना मानेवर पडले आणि गळ्याखालचं सगळं शरीर निकामी झालं. जीभ तेवढी शाबूत राहिली, तीही पहिल्यापेक्षा तिखट. मी अपंगांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरायचो, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलं 'पत्रक्या'. "काय पत्रक्या, आज कुनाची खरडपट्टी?" ते दिवसच तसे होते. देश खुला झाला म्हणून टीव्हीवर नाचगाणी चालली होती, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर विलायती थंड पेयं आली होती, आणि मान मोडलेल्या माणसाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कचेरीतले सांगत होते, समक्ष हजर राहा! मी चिडायचो. आप्पा हसायचे.

त्यांना सलत होतं ते वेगळंच. घर लिंगायत. सकाळी आंघोळ, कपाळी भस्म, मग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन नजरेसमोर धरायचं. तोवर चहासुद्धा नाही. आप्पांसाठी ते लिंग सुशीलावहिनी, त्यांची बायको, धरायच्या. पण दुकान उघडून, गिऱ्हाईक वाटेला लावून येतील तेव्हा. "देव माझा, आन् भेटीला बायको मोकळी व्हावी लागती," असं आप्पा एकदाच बोलले. तेवढं पुरे होतं.

मी वर्तमानपत्रातलं एक कात्रण नेलं. परदेशात म्हणे डोक्याला तारा लावून नुसत्या विचारानं यंत्राचा हात हलवायचे प्रयोग चाललेत. गफूरभाई रेडिओ-टेप दुरुस्त करणारे, आप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "मेंदूचं बोलनं लई बारीक, आपल्या सामानात घावनार न्हाई. पन मेंदू भुवईला हुकूम देतो ना, तो भुवईत मोठा वाजतो. तिथं पकडू." टेपचा अॅम्प्लिफायर, जीपची बॅटरी आणि वायपरची मोटर, सायकलच्या पट्ट्यांचा हात, टोकाला लिंग ठेवायला पितळेची वाटी, आणि आप्पांच्या कपाळावर चिकटवायच्या दोन चकत्या. भुवई उचलली की हात वर, पुन्हा उचलली की खाली. पहिल्या संध्याकाळी वाटी डोळ्यांसमोर आली तेव्हा आप्पा वहिनींना म्हणाले, "उद्यापासून तू दुकानात बस बिनघोर."

दुसऱ्या सकाळी हात हललाच नाही. संध्याकाळी चालायचा, सकाळी पूजेच्या वेळी ठप्प. असे तीन आठवडे. गफूरभाई तारा बदलत होते, मोटर खोलत होते. आणि मी काय केलं? पत्रक काढलं! रात्रभर वीज नाही, बॅटरी भरत नाही, अपंगाचा देव अंधारात! "बॅटरी भरलेली हाय रं, कशाला वरडतो?" गफूरभाई सांगत होते. ऐकतो कोण?

शेवटी वहिनीच कडाडल्या. "आवो, चकती भस्मावर चिकटवताय तुमी. संध्याकाळपतोर ते घामानं जातंय. एवढं कळंना का?" गफूरभाईंनी मान खाली घातली. त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. "पूजेला बसलेल्या मानसाच्या कपाळावरचं म्या कसं पुसू?" आणि आप्पांना वाटत होतं गफूरच्या कामातच खोट आहे, दोस्ताला लागेल म्हणून ते गप्प. दोन भली माणसं एकमेकांचं मन राखत बसली होती आणि मधल्या मधे मी वीजवाल्यांचा उद्धार करत होतो!

आप्पा हसून हसून खोकायला लागले. "पूस की गफूर. दोन चकत्यांच्या जागेवरनं देव रुसतोय व्हय?" गफूरभाईंचा हात तरी उठेना. वहिनींनीच मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं तेवढं भस्म पुसलं. आप्पांनी भुवई उचलली. लिंग डोळ्यांसमोर आलं आणि थांबलं... आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो. बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "चहा आना रे!"

त्यानंतर चार वर्षं आप्पांनी आपली पूजा आपल्या वेळेला केली. शेवटच्या तापात भुवईतलं बळ ओसरलं. गफूरभाई रोज येऊन अॅम्प्लिफायरच्या डब्यावरचं, हुकूम मोठा करायचं बटन एकेक आकडा वाढवत गेले. दहावर पोचलं, पुढं आकडा नव्हता. हात अर्ध्यावर अडला. वहिनींनी धावत येऊन खालून आधार द्यायला हात पुढं केला, तर आप्पा म्हणाले, "थांब." भुवई पुन्हा उचलली. हात बोटभर वर सरकला. मग म्हणाले, "आता धर." त्या बोलण्यात पूर्वीचा सल नव्हता.

मागच्या आठवड्यात कडा गावाहून एकजण आला. त्याच्या भावाची मान मोडलीय, यंत्र मिळेल का? वहिनी म्हणाल्या, न्या. गफूरभाईंनी यंत्राचा हात सोडवला, तारा गुंडाळल्या. डब्यावरचं बटन खाली आणायला चिमटीत धरलं... आणि तसंच सोडलं. "नव्या मानसाला नवा डबा करून देतो," एवढंच बोलले आणि पाहुण्याला घेऊन निघाले.

डबा आप्पांच्या खाटेजवळच्या फळीवर आहे. वहिनी रोज पुसतात, पण बटनाला हात लावत नाहीत. ते दहावरच आहे.