अक्काच्या कुरडया आणि येन्सनचं ऊन

येन्सनने मला फसवलं. हे आधीच सरळ सांगतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको. फसलो मी, आणि नुकसान झालं माझ्या अक्काचं.

आता हेही सांगतो, की भुतंखेतं, करणी, बाधा असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... आजही नाही. मी बांधकामातला माणूस. इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या नेपरव्हिलमध्ये लोकांची किचन आणि बेसमेंट करून देतो. टेप लावली की भिंत किती ते कळतं, ओळंबा सोडला की ती सरळ आहे का ते कळतं. जे मोजता येत नाही त्याच्यावर मी वेळ घालवत नाही. पण हे प्रकरण मी मोजलंय. म्हणून तर डोकं फिरतं.

अक्का माझी थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले. कऱ्हाडला तिने कुरडया-पापड करून घरोघर विकले आणि मला पॉलिटेक्निकला घातलं. भाव कसा करायचा हे मी तिच्यामागे पिशवी धरून शिकलो. इथे बस्तान बसल्यावर तिला कायमची घेऊन यायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. चौऱ्याऐंशीच्या सुमारास ती आली. तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये. तिने बाल्कनीत कुरडया घातल्या आणि मॅनेजरने येऊन, नाक मुरडून, त्या काढायला लावल्या. अक्काने त्याच संध्याकाळी बॅग बाहेर काढली.

"बाळू, मला ऊन पडणारं अंगण दे, मी राहते. नाहीतर माझं तिकीट काढ."

सौदा स्वच्छ होता. मी हो म्हणालो.

येन्सन हा म्हातारा ड्राफ्ट्समन. मी त्याचं बेसमेंट केलं होतं. तरुणपणी तो डेन्मार्कमध्ये एका मोठ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा. त्या आर्किटेक्टचं नाव मी लिहीत नाही, उगाच त्याचे भक्त अंगावर यायचे. काम संपलं त्या दिवशी येन्सनने मी बांधलेल्या भिंतीवरच मला स्लाइड्स दाखवल्या. एक चर्च... बाहेरून अगदी गोडाऊन, आत छत ढगांसारखं वळलेलं. मला त्याचं काय! मग आली पिवळ्या विटांची घरं. घर काटकोनात, उरलेल्या दोन बाजूंना भिंत, मधे अंगण. भिंत कुठे छातीइतकी, कुठे डोक्याच्या वर. घराला घर लागून, पण कोणाचं अंगण कोणाला दिसत नाही. मी खुर्चीवरून उठलोच. अक्काचं अंगण!

नकाशे त्याच्याकडे होते. मी घासाघीस केली, ती मी कोणाशीही करतो. भाव ठरल्यावर त्याला बजावलं, "तिथे जे आहे ते सगळं मला पाहिजे. काही मागे ठेवायचं नाही."

"सगळं?" त्याने विचारलं.

"सगळं."

म्हातारा हसला आणि नकाशांची गुंडाळी माझ्या हातात दिली.

मी काही डोळे झाकून बांधलं नाही. प्लॉट घेतला तोच ऐन डिसेंबरात. भिंत येणार होती तिथे तिच्या उंचीची काठी रोवली, सावली कुठवर जाते ते पाहिलं. अर्ध्या अंगणात ऊन येणार, याची खात्री करूनच सही केली. पुढच्या वर्षी पानं गळायच्या आत घर उभं होतं. पिवळी वीट मिळवायला मी काय काय केलं ते विचारू नका.

आणि पहिल्याच हिवाळ्यात अंगणात ऊन नाही. ढगाळ होतं म्हणून नव्हे! शेजारच्या यार्डातला बर्फ डोळे दिपवत होता, आणि आमच्याकडे दुपारी जेवताना दिवा लावायचा. सूर्य भिंतीच्या वर येईचना. भिंत मोजली... नकाशाबरहुकूम. कंपास लावला... दिशा बरोबर. अक्का गुडघ्यांवर शाल टाकून खिडकीशी बसायची.

"हिवाळा आहे, अक्का. मे महिन्यात बघ."

मे आला. अक्काने गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि अंगणभर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. ऊन होतं, नाही असं नाही. पण कसलं? फिकट, तिरपं, दुधात पाणी घातल्यासारखं. संध्याकाळ संपतच नव्हती, आणि कुरडया मात्र ओल्याच्या ओल्या. तिसऱ्या दिवशी आंबट वास सुटला. माझी मुलगी रूपा तेव्हा हायस्कूलमध्ये. तिने गंमत म्हणून त्याच चिकाच्या चार कुरडया ड्राइव्हवेवर गाडीच्या टपावर ठेवल्या होत्या. त्या एका दिवसात खडखडीत!

"बाळू, इकडे ये," अक्का म्हणाली. "माझी सावली बघ."

भर दुपार. अंगणात तिची सावली पार लांब पसरलेली, जवळजवळ तिच्याएवढी. मग ती भिंतीतल्या दारातून बाहेर गेली आणि ड्राइव्हवेवर उभी राहिली. सावली पायाशी गोळा!

"आता आत येते हं." ती आत आली. सावली सरसरत लांब झाली.

मी स्वतः करून पाहिलं. दारात उभा राहून वर पाहिलं. बाहेर सूर्य डोक्यावर. एक पाऊल आत... सूर्य खाली. कोणीतरी धरून उतरवल्यासारखा. रूपाने आत-बाहेर दोन सारख्या फूटपट्ट्या उभ्या करून सावल्या मोजल्या. आतली बाहेरच्या दुप्पट. "डॅड, धिस इज इम्पॉसिबल," ती म्हणाली. मग पुन्हा मोजलं, पुन्हा तेच.

मी येन्सनला गाडीत घालून आणला. येताना रस्ताभर त्याला शिव्या दिल्या, मराठीत, म्हणजे त्याला कळायच्या नाहीत आणि मला सौम्य करायची गरज नाही. अंगणात पाऊल टाकलं आणि त्याने टोपी काढली. भिंतीला तळहात लावून उभा राहिला.

"हा आमचा मे महिना," तो म्हणाला. "तिकडे डेन्मार्कला, घरी, असंच ऊन येतं."

"मला तुझा मे नको! मला इलिनॉयचा पाहिजे!"

"आमचे साहेब आधी जागेवर जाऊन ऊन बघायचे. कुठून येतं, कुठे थांबतं. मग त्याच्याभोवती भिंत काढायचे. तुम्ही सगळं मागितलंत. मी काही मागे ठेवलं नाही."

"कागदावरून ऊन येतं होय रे?"

माझी बायको शालिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, एखाद्या वेळेला थोडं कमी घ्यायचं असतं." ही माझ्या बाजूची!

मी म्हटलं भिंत पाडतो. पाडायला माणसंही बोलावली. पण अक्कानेच त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

"चांगलं घर पाडू नकोस. झ्याक बांधलंयस. पण हे ऊन आपलं नाही रे. आत आले की कुणाच्या तरी घरी न विचारता बसल्यासारखं वाटतं. दिवसभर कानकोंडं होऊन किती दिवस राहू?"

"मी दुसरं घर बांधतो."

"आणि त्यात कुठलं येईल?" ती हसली. मला नाही हसू आलं.

ओहेअर विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा तिने त्या टपावरच्या चार कुरडया माझ्या हातात ठेवल्या. परत आली नाही. फोनवर विचारतो तर म्हणते, गुडघे बरे आहेत, इथे ऊन आहे.

येन्सन अजून येतो. दर रविवारी. शालिनी त्याला कॉफी देते आणि तो माझ्या अंगणात, माझ्या खुर्चीवर, डोळे मिटून बसतो. मी हाकलायला जातो, तर म्हातारा असा सुखात दिसतो की शिवी तोंडात राहते.

इंजिनिअर झाले, सर्व्हेअर झाला, युनिव्हर्सिटीतले एक मराठी प्रोफेसर सावल्या मोजून मान हलवत गेले. कोणाकडे उत्तर नाही. ठीक आहे, नसू दे. पण मी व्यवहारातला माणूस आहे, आणि मला एवढंच कळतं, की त्यांचं ऊन माझ्याकडे आलं असेल तर माझं कुठेतरी गेलं असणार. डेन्मार्कमध्ये, त्या पिवळ्या विटांच्या घरांपैकी एकात, कोणीतरी डिसेंबरात खुर्ची टाकून नेपरव्हिलच्या उन्हात बसलेला आहे. शेजारी अंधारात, आणि याच्या अंगणात लख्ख! याला एकदाही वाटलं नाही, हे कोणाचं म्हणून?

ते माझ्या अक्काचं ऊन आहे. त्याने उत्तर द्यावं.