दादानं राखलेले डोळे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापुरात लेकीकडे होते. तिच्या गळ्यात पडून म्हटलं, "माझे डोळे राखणारा गेला गो..." त्याला आता महिना होऊन गेला. ते शब्द आठवले की तोंड कडू होतं.

दादा, माझा थोरला भाऊ, धसईच्या बाजारात चष्मे करून विकायचा. मी चौथी पास झाले तेव्हा त्याच्या सायकलवर मागे बसून धसईला पाचवीत जायचं ठरलं होतं. पण चुलीच्या धुरानं माझे डोळे सारखे पाणावायचे. दादानं पापण्या ताणून पाहिल्या, एक चष्मा दिला आणि बाबांना सांगितलं, "वाचन बंद. नायतर पोरगी आंधळी होईल." शाळा सुटली. वहिनीची दोन लहान पोरं माझ्या कडेवर आली.

तरी दादाचा माझ्यावर जीव होता. बाजार नसला की दुपारी तो मला भिंगं दाखवायचा. मध्ये फुगीर असलेली काच भिंतीसमोर धरली की खिडकीबाहेरचा आंबा भिंतीवर उलटा पडायचा. तीच अक्षराजवळ नेली की अक्षर सरळ आणि मोठं. खोलगट काच उजेड पांगवते, तिचं चित्र भिंतीवर पडतच नाही. तिच्यातून पाहिलं तर सगळं सरळ, पण लहान. "शाळेत असतीस तर मास्तरांनाच शिकवलं असतंस गो," असं हसून म्हणायचा... लग्न ठरलं तेव्हा त्यानंच चष्मा काढून घेतला. "झाले डोळे बरे!" मी त्याच्या पाया पडले.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर वहिनीनं त्याची पेटी उघडली. तळाशी माझा तो चष्मा होता. सहज खिडकीसमोर धरला. भिंतीवर काहीच पडेना. म्हटलं, खोलगट असेल. कॅलेंडरवर धरला. आकडे होते तेवढेच... दुसरी काचही तशीच.

"वहिनी, ही तर साधी काच आहे."

वहिनी तांदूळ निवडत होती. "मंग? येवढी तुला भिंगांची गोडी, नि येवढं कळलं नाय?"

"तुमाला म्हायत होतं?"

"मी शेतावर जायची. पोरांना कोण बघणार होतं?" सुपातला खडा काढून तिनं बाजूला टाकला. "नि डोळे तर नाय ना गेले तुझे?"



हे लिहिताना लावलाय तो चष्माही दादाच्याच हातचा. पन्नाशीला त्यानं करून दिला. आता लावायच्या आधी मी तो रोज उजेडात धरते. भिंतीपासून हातभर लांब धरला की खिडकी उलटी उमटते... मगच डोळ्यांना लावते.